लक्ष्यांतर, व्याय आणि संधान: धनुर्वेदाच्या पोथ्यांतील एका पाठाचा विचार

१. प्रश्न

धनुर्वेदावरील संस्कृत पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं संधानाचें प्रकरण उघडलें असतां एक विलक्षण विधान त्यांच्या दृष्टीस पडेल. संधान म्हणजे बाण दोरीस लावणें. तें तीन प्रकारचें सांगितलें आहे: अधः, सम आणि ऊर्ध्व. सम संधान निश्चल लक्ष्यासाठीं, ऊर्ध्व संधान कठीण वस्तु फोडण्यासाठीं आणि अधः संधान बाण दूर टाकण्यासाठीं योजावें, असा त्या वचनाचा आशय आहे. येथें वाचणारा थबकतो. दूर जावयाचा बाण वर रोखावा लागतो हें धोंडा फेकणाऱ्या पोरासहि ठाऊक असतें. मग शास्त्रकार दूरपातास 'अधः' कसें म्हणतो? नकलकाराच्या हातून अधः आणि ऊर्ध्व ह्या शब्दांची अदलाबदल झाली असावी, असा तर्क सहज सुचतो. आणि ज्याच्या हाताशीं हरताळ आहे, त्यास तो तर्क अमलांत आणावयास फार वेळ लागत नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, हा पाठ शुद्ध आहे. इतकेंच नव्हे, तर निरनिराळ्या अंतरांवर नेम कसा बसवावा ह्याची जी पद्धति धनुर्वेदांत गृहीत धरलेली आहे, तिची किल्लीच ह्या 'अधः' शब्दांत आहे. ती पद्धति एका ठिकाणीं सलग सांगितलेली नाहीं. व्याय, संधान आणि बाणाचें स्खलन अशा तीन प्रकरणांत ती विखुरलेली आहे. तीं तिन्ही स्थळें एकत्र ठेवून पाहिलीं म्हणजे तिहींची साक्ष एकच पडते, आणि ती साक्ष साध्या गणितानें पडताळतांहि येते. शब्दशास्त्रानें जेथें निर्णय होत नाहीं तेथें पदार्थधर्मानें निर्णय होण्याचें हें एक उदाहरण असल्यामुळें पोथ्यांच्या संग्राहकांपुढें तें सविस्तर मांडीत आहों.

२. आधारग्रंथ

ह्या विद्येचे जे ग्रंथ आज हातीं आहेत त्यांत तीन मुख्य होत. पहिला अग्निपुराणांतील धनुर्वेदाचा भाग, अध्याय २४९ पासून २५२ पर्यंत (कांहीं छापील प्रतींत एका अध्यायाचा फरक पडतो). दुसरा शार्ङ्गधरपद्धतींतील धनुर्वेदप्रकरण. दामोदराचा पुत्र शार्ङ्गधर ह्यानें हा संग्रह इ. स. १३६३ मध्यें सिद्ध केला आणि पीटर पीटर्सन ह्यांनीं तो १८८८ मध्यें मुंबईस छापविला. तिसरी वसिष्ठाच्या नांवावर असलेली धनुर्वेदसंहिता. ह्यांतील दुसऱ्या व तिसऱ्या ग्रंथांत पुष्कळ श्लोक समान आहेत. म्हणून एकाच्या पोथीवरून दुसऱ्याची पोथी तपासतां येते, आणि एकांत शिरलेली चूक दुसऱ्यांत उतरण्याचाहि संभव राहतो.

आमच्या सोलापूर प्रांतापुरतें पाहिलें तर ह्या विद्येचा संबंध परका नाहीं. हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत होता, आणि त्यांचें राजधानीचें नगर, हल्लींचें बसवकल्याण, येथून फार दूर नाहीं. त्या वंशांतील तिसऱ्या सोमेश्वरानें शके १०५१ च्या सुमारास मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिन्तामणि हा शंभर अध्यायांचा ग्रंथ रचिला. त्यांत राजाच्या विनोदांचें जें वर्णन आहे, त्यांत शस्त्रविद्येच्या विनोदास आरंभींच स्थान दिलें आहे. हा ग्रंथ श्रीगोंदेकरांनीं संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत १९२५, १९३९ आणि १९६१ अशा तीन खंडांत प्रसिद्ध झाला. जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून उभ्या असलेल्या वीरगळांवर धनुष्य ओढलेले वीर दिसतात, ते ह्याच परंपरेचे दगडी साक्षीदार होत.

३. मानें आणि अंतरें

अंतराचा विचार करावयाचा तर प्रथम मानें निश्चित केलीं पाहिजेत. चोवीस अंगुळांचा एक हात आणि चार हातांचें एक धनुष्य, असें धनुर्वेदाचें मान आहे. अंगुळ पाऊण इंचाचें धरलें तर हात दीड फुटाचा आणि धनुष्य सहा फुटांचें होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ९६ अंगुळांच्या दंडाखेरीज १०८ अंगुळांचें आणखी एक धनुष्य दिलें आहे. परंतु तें वाटा आणि तट मोजण्यासाठीं आहे, धनुर्धराच्या लक्ष्यासाठीं नाहीं. हा भेद न पाहतां जर कोणी अंतराचें गणित मांडील तर दर शेंकडा साडेबारांची चूक पडेल.

लक्ष्याचीं अंतरें तीन सांगितलीं आहेत. साठ धनुष्यांवरचें लक्ष्य ज्येष्ठ, चाळीसांवरचें मध्यम आणि विसांवरचें कनिष्ठ. हीं अनुक्रमें ३६०, २४० व १२० फूट, म्हणजे सुमारें ११०, ७३ व ३७ मीटर होतात. आजच्या ऑलिंपिक सामन्यांत लक्ष्य ७० मीटरांवर असतें. तें आपल्या मध्यम लक्ष्याच्या अगदीं जवळ येतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ही व्यवस्था साध्या बाणांची झाली. नाराच, म्हणजे सर्व लोखंडाचा बाण, ह्यासाठीं हींच अंतरें चाळीस, तीस व सोळा धनुष्यांवर आणलीं आहेत. ह्याचें कारण उघड आहे. बाण जड झाला म्हणजे त्याच धनुष्यांतून तो मंद सुटतो. मंद सुटला म्हणजे तेंच अंतर काटावयास त्यास अधिक वेळ लागतो. आणि वेळ अधिक लागला म्हणजे तो अधिक खालीं येतो. ग्रंथकारानें हें कारण शब्दांनीं सांगितलेलें नाहीं, पण अंकांनीं सांगितलें आहे. तेव्हां हे अंक पोकळ नव्हेत, प्रत्यक्ष अनुभवांतून आलेले आहेत, हें आरंभींच मान्य करावें लागतें.

बाणाची लांबी दोन हातांस एक मूठ उणी, आणि जाडी करंगळीएवढी सांगितली आहे. मूठ चार अंगुळांची धरली तर बाण ४४ अंगुळांचा, म्हणजे ३३ इंचांचा होतो. अग्निपुराणांत बारा, अकरा व दहा मुठींचे असे उत्तम, मध्यम व कनिष्ठ बाण आहेत. त्यांतील अकरा मुठींचा बाण बरोबर ह्याच मापाचा येतो.

४. लक्ष्य, अग्र आणि दृष्टि

नेमाचा मुख्य नियम ग्रंथांत असा आहे कीं, लक्ष्य, बाणाचें अग्र आणि धनुर्धराची दृष्टि ह्या तिहींची संगति झाली असतां सोडलेला बाण लक्ष्यापासून ढळत नाहीं. वरवर पाहतां हें सर्व अंतरांना सारखेंच लागू पडावें असें वाटतें. परंतु बाण हा प्रकाशाचा किरण नव्हे. तो सुटल्या क्षणापासून खालीं येऊं लागतो.

हिशेबापुरता बाणाचा वेग सेकंदास १५० फूट धरूं आणि हवेचा अडथळा सोडून देऊं. पडणारा पदार्थ पहिल्या सेकंदांत १६ फूट खालीं येतो, आणि वेळेच्या वर्गाप्रमाणें हें मान वाढत जातें. वीस धनुष्यें काटावयास बाणास आठदशांश सेकंद लागेल आणि तेवढ्यांत तो सव्वादहा फूट खालीं येईल. चाळीस धनुष्यांस १.६ सेकंद लागून तो ४१ फूट खालीं येईल. साठ धनुष्यांस २.४ सेकंद लागून ९२ फूट. म्हणजे अंतर तिप्पट झालें असतां उतार नऊपट होतो. डोळ्याशीं पुंख धरून बाण सपाट रोखला, तर तो चौदा धनुष्यांच्या आंतच भुईस लागेल. वीस धनुष्यांचें कनिष्ठ लक्ष्यहि त्यास गांठतां येणार नाहीं.

म्हणून बाणाचें तोंड वर उचललें पाहिजे. किती, तेंहि ह्याच गणितावरून निघतें. वीस धनुष्यांसाठीं सुमारें ५ अंश, चाळिसांसाठीं १० अंश आणि साठांसाठीं साडेपंधरा अंश. प्रत्येक वीस धनुष्यांमागें सुमारें पांच अंश, असें हें सोपें मान पडतें.

आतां अडचण अशी कीं, बाणाचें तोंड पंधरा अंश वर उचललें तर अग्र आणि लक्ष्य ह्यांची संगति सुटते. दृष्टि एकीकडे आणि अग्र दुसरीकडे होतें. मग वरील नियम साठ धनुष्यांवर टिकावा कसा? इंग्रज धनुर्धर होरेस फोर्ड ह्यानें १८५६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ह्याच प्रश्नाचा विचार केला आहे. बाण ओढण्याचें स्थान एकच राखिलें तर अग्र हें फक्त एकाच अंतरावर लक्ष्यावर येतें. त्याहून जवळच्या लक्ष्यासाठीं अग्र लक्ष्याच्या खालीं आणि दूरच्यासाठीं वर धरावें लागतें, हें त्यानें स्पष्ट केलें. आपल्या ग्रंथकारांनीं दुसरा मार्ग धरला. त्यांनीं अग्र लक्ष्यावरच ठेविलें आणि पुंखाचें स्थान बदललें.

५. पांच व्याय

ह्या पुंखस्थानांचें प्रकरण म्हणजेच व्यायांचें प्रकरण होय. बाण ओढून जेथें आणावयाचा त्या स्थानांवरून पांच व्याय सांगितले आहेत. केसांच्या मुळाशीं आणिला तर कैशिक, शृङ्गाशीं आणिला तर सात्त्विक, कानाशीं वत्सकर्ण, मानेशीं भरत, आणि खांद्याशीं स्कन्ध. येथें शृङ्ग शब्दाचा अर्थ कानाच्या वरचें टोक असा आम्ही करतों. कारण हीं पांचही स्थानें मस्तकाकडून खांद्याकडे क्रमानें उतरत येतात आणि शृङ्गाचें स्थान केशमूल व कान ह्यांच्या मध्यें आहे.

उपयोग सांगतांना कैशिक चित्रयुद्धांत, सात्त्विक खालच्या लक्ष्यांवर, वत्सकर्ण व भरत दृढभेदनांत, आणि स्कन्ध दृढभेदन व दूरचें लक्ष्य ह्या दोहोंसाठीं, अशी व्यवस्था लाविली आहे. दोन टोकें पाहावींत. वरच्या स्थानाशीं 'खालचें लक्ष्य' जोडलें आहे आणि सर्वांत खालच्या स्थानाशीं 'दूर' जोडलें आहे. हें यदृच्छेनें घडणारें नाहीं. डोळा, अग्र आणि लक्ष्य हीं एका रेषेंत कायम ठेवून पुंख डोळ्याच्या वर नेला, तर बाण त्या रेषेच्या खालीं झुकतो. पुंख डोळ्याच्या खालीं आणला, तर बाण त्या रेषेच्या वर रोखला जातो. आणि पुंख जितका खालीं, तितका बाण अधिक वर. अशा रीतीनें संगतीचा नियम मोडत नाहीं आणि उंचीचें मानहि साधतें. बंदुकीवर पल्ल्याप्रमाणें मागचा घोडा वर चढवितात आणि पुढची माशी जागच्या जागीं राहते. येथें अग्र ही माशी होय, आणि मागचा घोडा म्हणजे डोळा स्थिर राहून पुंखच वरखालीं सरकतो.

किती खालीं, तेंहि मोजतां येतें. बाण ४४ अंगुळांचा धरला तर पांच अंशांसाठीं पुंख दृष्टिरेषेच्या सुमारें ४ अंगुळें, दहा अंशांसाठीं ८ अंगुळें आणि साडेपंधरा अंशांसाठीं १२ अंगुळें खालीं असला पाहिजे. सामान्य उंचीच्या पुरुषाच्या शरीरावर पाहिलें, तर डोळ्याच्या पातळीपासून कानाची पाळी दोन ते तीन अंगुळें, मानेचा मध्य सात ते आठ अंगुळें आणि खांद्याचा माथा दहा ते अकरा अंगुळें खालीं येतो. वीस, चाळीस व साठ हीं अंतरें एका बाजूस आणि कान, मान व खांदा हीं स्थानें दुसऱ्या बाजूस ठेविलीं, तर दोन्ही श्रेणी बहुतेक एकमेकींवर बसतात.

ह्या मेळाचा अर्थ किती घ्यावा ह्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. तीन व्याय तीन अंतरांना नेमून दिले आहेत असें ग्रंथांत म्हटलेलें नाहीं. ती जोड आमची आहे. वेग १५० फुटांऐवजीं १३० धरला तर वरील अंगुळें ५, १० व १६ होतात; १८० धरला तर अडीच, सव्वापांच व आठ होतात. परंतु वेग कोणताहि धरा, क्रम बदलत नाहीं. जवळच्या लक्ष्यास पुंख वर आणि दूरच्या लक्ष्यास पुंख खालीं, हें प्रत्येक धनुष्यास लागू आहे. आणि पाठाच्या निर्णयास तेवढेंच पुरेसें आहे.

६. अधः संधानाचा अर्थ

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. संधान म्हणजे बाण दोरीस लावण्याची क्रिया. तिचें अधः, सम, ऊर्ध्व हें विशेषण बाणाच्या तोंडास लागत नाहीं, दोरीवरील पुंखाच्या स्थानास लागतें. पुंख दोरीच्या मध्याखालीं लाविला तें अधः संधान. त्यांत बाणाचें शेपूट खालीं आणि तोंड वर होतें, म्हणून तो दूर जातो. पुंख मध्यावर लाविला तें सम संधान. नेहमींच्या अंतरावरील निश्चल लक्ष्यास तेंच योग्य. पुंख मध्याच्या वर लाविला तें ऊर्ध्व संधान. त्यांत बाणाचें तोंड खालीं राहतें, म्हणून तें जवळच्या लक्ष्याचें संधान होय, आणि जवळच्या कठीण वस्तूवर बाण वेग गमावण्यापूर्वींच आदळतो. 'अधः' शब्द बाणाच्या तोंडास लाविला म्हणजेच वचन उलटें वाटतें. पुंखास लाविला म्हणजे तें सरळ होतें.

ह्या अर्थास तिसरी साक्ष स्खलनाच्या प्रकरणांत मिळते. बाण लक्ष्यापासून ढळण्याच्या चार गति सांगितल्या आहेत: डावीकडे, उजवीकडे, वर आणि खालीं. दोरीची मूठ मागें कांपली आणि धनुष्याची मूठ समोर वळली तर बाण डावीकडे जातो. पकड सैल आणि सरळपणा नसलेली असली तर उजवीकडे. धनुष्याची मूठ वर आणि दोरीची मूठ खालीं झाली तर बाण लक्ष्य ओलांडून जातो. सोडतेवेळीं धनुष्याची मूठ खालीं आणि दोरीची मूठ वर झाली तर तो खालीं जातो. दोन्ही मुठी सम असतां सुटलेला बाण निर्दोष आणि निःशब्द जातो.

येथें जो दोष म्हणून सांगितला आहे, तोच व्यायांत व संधानांत उपाय म्हणून सांगितला आहे. नकळत झालेली खालची गुणमुष्टि ही चूक. जाणून योजलेली खालची गुणमुष्टि ही दूरपाताची युक्ति. तीन प्रकरणें, तीन निराळे विषय, तीन निराळ्या परिभाषा; पण तिहींचा सिद्धांत एकच कीं, मागचें टोक खालीं तर बाण लांब. अशा स्थितींत संधानाच्या श्लोकांतील अधः व ऊर्ध्व हे शब्द जर कोणी उलटे केले, तर तो एक श्लोक सुधारीत नाहीं. दोन प्रकरणांशीं त्याचा विरोध उत्पन्न करतो.

७. दोन शंका

पहिली शंका अशी कीं, स्कन्ध व्याय दूरच्या लक्ष्याबरोबर दृढभेदनासहि सांगितला आहे, आणि दृढभेदनास तर ऊर्ध्व संधान विहित आहे. मग पुंख खालीं कीं वर? ह्याचें उत्तर असें कीं, दृढभेदनास दोन गोष्टी लागतात: जोर आणि दिशा. जोर हा बाण किती मागें ओढला ह्यावर अवलंबून असतो. कानाच्या, मानेच्या वा खांद्याच्या स्थानापर्यंत हात मागें जातो तेव्हां ओढ पूर्ण होते, म्हणून वत्सकर्ण, भरत आणि स्कन्ध ह्या तिहींस दृढभेदन जोडलें आहे. दिशा ही संधानानें ठरते. खांद्याशीं ओढलेला बाण जवळच्या कठीण लक्ष्यावर टाकावयाचा असेल तर तो वरून निघून जाऊं नये म्हणून दोरीवर त्याचें स्थान वर नेलें पाहिजे. म्हणजे व्याय आणि संधान हे परस्परांचे विरोधक नसून पूरक आहेत, आणि ग्रंथकारानें दोन्ही प्रकरणें स्वतंत्र कां ठेविलीं हेंहि ह्यावरून कळतें.

दुसरी शंका डाव्याउजव्या बाजूची. कानाशीं बाण ओढला तर तो डोळ्याच्या बाजूस राहतो, खालीं राहत नाहीं. मग दृष्टि आणि अग्र ह्यांची संगति आडवी चुकणार नाहीं काय? फोर्डनें कानाशीं ओढण्यास ह्याच कारणासाठीं आक्षेप घेतला आणि बाण डोळ्याच्या बरोबर खालीं असावा असें प्रतिपादिलें. आक्षेप खरा आहे. तथापि त्याचा संबंध आडव्या चुकीशीं आहे, अंतराशीं नाहीं. हात एकाच स्थानीं वारंवार येत असेल तर आडवी चूकहि दर वेळीं एकाच दिशेनें पडते, आणि अभ्यासानें ती भरून काढतां येते. अंतराची चूक मात्र लक्ष्य हललें कीं बदलते. म्हणून शास्त्रांत उभ्या दिशेचा विचार अधिक बारकाईनें झालेला आढळतो.

आजच्या खेळाडूंची रीतिहि ह्याच तत्त्वाची साक्ष देते. ज्यांच्या धनुष्यावर नेमाची खूण बसविलेली असते, ते लक्ष्य दूर गेलें म्हणजे ती खूण खालीं सरकवितात; त्यामुळें धनुष्य आपोआप वर उचललें जातें. जे खुणेवांचून खेळतात, त्यांच्यापैकीं कित्येक अंतराप्रमाणें चेहऱ्यावरील ओढीचें स्थान किंवा दोरीवरील बोटांचें स्थान वरखालीं करितात. एक व्यायाचा मार्ग, दुसरा संधानाचा. त्यांपैकीं बहुतेकांस आपल्या ग्रंथांचें नांवहि ठाऊक नसेल. पण पदार्थधर्म एकच असल्यामुळें वाट एकच निघाली.

८. अभ्यासाचें प्रमाण

हात एका अंगुळानें चुकला तर काय होतें, तें पाहिलें म्हणजे ग्रंथांतील अभ्यासाच्या संख्यांचा अर्थ उलगडतो. ४४ अंगुळांच्या बाणाचा पुंख एक अंगुळ खालींवर झाला, तर वीस धनुष्यांवर बाण पावणेतीन फूट, चाळिसांवर सव्वापांच फूट आणि साठांवर साडेसात फूट खालींवर पडतो. लक्ष्य तर पुरुषभर उंचीचें, चंद्रक लाविलेलें असें सांगितलें आहे. म्हणजे ज्येष्ठ लक्ष्यावर एका अंगुळाची चूक झाली कीं, छातीवर रोखलेला बाण पुरुषाच्या डोक्यावरून निघून जातो. लक्ष्याच्या वरच्या भागीं वेध करणारा ज्येष्ठ, नाभीशीं वेध करणारा मध्यम आणि पायाशीं वेध करणारा कनिष्ठ, ही प्रतवारी ह्या दृष्टीनें वाचावी. लक्ष्य ओलांडून गेलेल्या बाणास प्रतच नाहीं. म्हणून वर वेध करूं पाहणाऱ्याचें मान सर्वांत कठीण.

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चारशें बाण लक्ष्यावर टाकणारा ज्येष्ठ, तीनशें टाकणारा मध्यम आणि दोनशें टाकणारा कनिष्ठ धनुर्धर, असेंहि सांगितलें आहे. अंगुळभर फरक डोळ्यांस दिसत नाहीं. तो हातालाच कळावा लागतो, आणि हाताला कळण्यास आवृत्तीवांचून दुसरा मार्ग नाहीं. तसेंच सकाळीं लक्ष्य पश्चिमेस आणि तिसऱ्या प्रहरीं पूर्वेस मांडावें, हा नियम सूर्य पाठीशीं राहावा म्हणून आहे. वैशाखांत सोलापुरास ज्यानें उन्हाकडे तोंड करून साठ धनुष्यांवरची वस्तु निरखण्याचा यत्न केला असेल, त्यास ह्या नियमाचें प्रयोजन वेगळें सांगावयास नको.

९. संग्राहकांस विनंति

ह्या सर्वांतून आमच्या वाचकांनीं काय घ्यावें? एक तर असें कीं, ज्यांच्या संग्रहीं धनुर्वेदाची, शार्ङ्गधरपद्धतीची किंवा ह्या विषयावरील फुटकळ पत्रांची पोथी असेल, त्यांनीं व्याय, संधान आणि स्खलन हीं तिन्ही प्रकरणें एकत्र ताडून पाहावींत आणि तेथील पाठ जसेच्या तसे उतरून ठेवावेत. अधः व ऊर्ध्व ह्या शब्दांवर कोठें हरताळ लागलेला दिसला, तर त्याखालचें मूळ अक्षर उजेडांत धरून वाचावें. समासांत कोणी टीप लिहिली असेल तर तिचें अक्षर पोथीच्या अक्षराहून निराळें आहे किंवा कसें, हें नोंदावें. व्यायांचा क्रम मस्तकाकडून खांद्याकडे न जातां मध्येंच उलटा जात असेल, तर त्या ठिकाणीं श्लोकार्ध इकडचा तिकडे झाला असावा असा संशय घ्यावा. मात्र संशय टिपणांत लिहावा, पोथीवर नव्हे.

दुसरें असें कीं, वीरगळांचे ठसे किंवा छायाचित्रें घेतांना धनुर्धराची गुणमुष्टि कानाशीं, मानेशीं कीं खांद्याशीं आहे, हें एका शब्दानें लिहून ठेवावें. शिल्पी संकेतानें काम करितो, धनुर्धराच्या बारकाव्यानें करीत नाहीं, हें खरें. म्हणून एका दगडावरून कांहींच सिद्ध होणार नाहीं. परंतु एका प्रांतांतील पुष्कळ दगडांची नोंद झाली, तर तेथील संकेत कोणता, हें तरी कळेल.

तिसरें, शक्य असेल त्यानें बांबूचा साधा तिरकमठा घेऊन मोकळ्या माळावर, मागें मातीचा बांध आणि आसपास माणूस नाहीं असें पाहून, हीं तिन्ही संधानें करून पाहावींत. अग्र एकाच खुणेवर ठेवून पुंख दोरीवर दोन अंगुळें खालीं आणि मग दोन अंगुळें वर लाविला, तर बाण कोठें पडतो, हें घटकाभरांत कळेल आणि श्लोकाचा अर्थ कोणत्याहि टीकेपेक्षां लवकर पटेल.

धनुष्य आपल्या प्रांतीं युद्धाचें साधन राहिलेलें नाहीं, त्यास फार दिवस झाले. गुरुमुखानें चालणारी विद्या गुरूंबरोबर गेली. तिचा हात गेला, शब्द मात्र पोथ्यांत राहिला. ज्याचा हात गेला त्या शब्दावर घाईनें दुरुस्ती करण्याचा अधिकार, आमच्या मतें, कोणासच नाहीं. आपल्याला जें वचन उलटें वाटतें, तें उलटें आहे कीं आपणच तें चुकीच्या टोकाकडून धरलें आहे, हें आधीं पाहावें. अधः संधानाच्या बाबतींत तरी दोष वचनाचा नव्हता. तें पुंखाविषयीं बोलत होतें आणि वाचणारा अग्राकडे पाहत होता.